हलत्या जमिनीवरच्या मामी

खोली दाखवण्याआधी मामींनी मला एकच प्रश्न विचारला, "गाडी लागते का गे तुज?"

चेन्नईतल्या मैलापुरात खोली शोधत मी बरेच दिवस फिरत होते. तोवर मला जात विचारून झाली होती, मांसमच्छी विचारून झाली होती, लग्न कधी करणार हे विचारून झालं होतं. एका घरी तर वडिलांचं पेन्शनही विचारलं गेलं. या सगळ्या प्रश्नांना माझ्याकडे बाणेदार उत्तरं तयार होती, आणि म्हणूनच खोली मिळत नव्हती. गाडी लागण्याविषयी मात्र माझी काही भूमिका नव्हती.

"नाही लागत," मी म्हटलं.

"बरें. मग तुज काही समजणार नाही. पण राहा."

अशी मी त्यांच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत राहायला गेले. मामी नात्यातल्या नव्हेत, तिकडे मोठ्या बायकांना तसंच म्हणतात. मूळच्या तंजावरच्या मराठी. घराण्याने महाराष्ट्र सोडला त्याला इतक्या पिढ्या झाल्या होत्या की महाराष्ट्र त्यांना आम्हाला लंका असते तेवढाच जवळ वाटे. त्यांचं मराठी जुन्या बखरीतून उठून आल्यासारखं, आणि दर दोन वाक्यांमागे त्यात तमिळ. विमा कचेरीतून निवृत्त झालेल्या, यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा मेलबर्नला. घर साधंच, यजमानांनी कर्ज काढून बांधलेलं. तांबडी गुळगुळीत फरशी, तिला भिंतीच्या कडेने काळी पट्टी, आणि मधल्या खोलीत छताला साखळ्यांनी टांगलेला फळीचा झोपाळा. मामींचा मुक्काम दिवसभर त्या झोपाळ्यावर असे आणि त्यांचं सगळं शास्त्र तिथूनच चाले.

शास्त्र म्हणजे जहाजाचं. चेन्नईच्या बंदरातून प्रवासी जहाजं सुटायला लागल्यापासून आमच्या भागातल्या मध्यमवर्गाला समुद्राचं वेड लागलं होतं. आधी तिरुपती, मग सिंगापूर, आणि आता जहाज. तिकीट काढलेला माणूस पहिल्यांदा घरात सांगे आणि दुसऱ्यांदा मामींना. मामी एकूण एकदाच जहाजावर गेल्या होत्या, तीही चार दिवसांची सफर. पण काही माणसांना एवढं पुरतं. मला असे पुढारी ठाऊक आहेत जे एकदा तुरुंगात गेले आणि जन्मभर तेवढ्यावर बोलले.

एकदा बँकेतून निवृत्त झालेलं एक जोडपं आलं होतं. नवरा वही काढून बसला.

"वही ठेवा आत," मामी म्हणाल्या. "लिहून घेतलं की माणूस विसरायला मोकळं. कानांनी ऐका. मोठी पेटी बंदरावर त्यांच्या हाती द्याल, तिच्यात औषध, चष्मा आणि बदलायचं पातळ ठेवायचं नाही. पेटी मागाहून येते. कधी येते ते समुद्रास ठाऊक."

"आधार चालेल ना मामी? फोनमध्ये फोटो काढून ठेवलाय."

"फोनमधला आधार फोनला. तुम्हांस अस्सल पाहिजे, हातात. बाहेरच्या देशास जाणारं जहाज असलं तर पासपोर्ट. तो ते ठेवून घेतात आणि एक कार्ड देतात. घाबरायचं नाही, देऊन टाकायचा. मी दिला नाही."

"मग?"

"मग काय! मागे रांग थांबली. काउंटरवरचा माणूस म्हणतो द्या, मी म्हणते माझ्या नावाचा आहे, तुज का देऊ? माझा मुलगा बाजूला उभा राहून दुसऱ्याच कोणाचा मुलगा असल्यासारखं करत होता."

बाईंनी हळूच विचारलं, "खोली कुठली घ्यावी?"

"मधली आणि खालची. हौसेने वरची घेतात, बाल्कनीची, समुद्र बघायला. मग समुद्र राहतो बाजूला आणि बेसिन बघत बसतात. पोट रिकामं ठेवायचं नाही, आलं जवळ ठेवायचं, आणि डोकं फिरलं तर लांब बघायचं, जिथं पाणी आणि आभाळ भेटतात तिथं. आणिक एक. काउंटरवरचं पाणी फुकट, खोलीतली बाटली उघडली की बिल. फुकट काय ते ते सांगत नाहीत, आपण विचारायचं. 'हे तिकिटात आहे का?' प्रत्येक ठिकाणी, प्रत्येकास. लाज वाटली तर ती पेटीत घालून आधी पाठवून द्यायची."

मी जिन्यावर उभी राहून हे ऐकत असे आणि मनातल्या मनात जळत असे. माझं बालपण पत्रकांत गेलेलं. वडील सोलापूरला रेल्वेत होते, आणि त्याहून जास्त युनियनमध्ये. मी ‘ह’ हा हरणाचा नाही, हरताळाचा शिकले. माझ्या शाळेच्या वह्यांना उरलेल्या पत्रकांची कव्हरं असत, त्यामुळे भूगोलाच्या वहीवर ‘जाहीर निषेध’ आणि गणिताच्या वहीवर ‘आता माघार नाही’. चेन्नईत मी आले ती कारखान्यांतल्या बायांबरोबर काम करणाऱ्या एका छोट्या संघटनेत, पत्रकं लिहायलाच. अशा मुलीच्या खोलीखाली एक बाई दिवसभर फुकटच्या आइस्क्रीमचे नियम सांगते, हे सहन होणार कसं?

एका संध्याकाळी मी स्पष्टच म्हणाले, "मामी, ही जहाजं म्हणजे तरंगती विषमता आहे."

"तरंगते ना? मग बघून आलं पाहिजे."

"वरती लोक चार वेळा जेवतात आणि खाली माणसं त्यांच्या प्लेटा धुतात. तुम्ही कधी विचारलंत, तुमची खोली आवरणाऱ्याला किती तास काम असतं?"

मामींनी झोपाळा पायाने थांबवला. "विचारलं. तुमच्या रत्नागिरीकडचा होता, दोन लेकरांचा बाप. टॉवेलचे हत्ती करून बिछान्यावर ठेवायचा. मी ते मोडले नाहीत, पदराने अंग पुसलं. किती तास काम, विचारलं, तर हसला आणि सांगेना. पण त्या दिवशीच्या हत्तीची सोंड खाली होती."

हत्तीच्या सोंडेला उत्तर देईल असं पत्रक आमच्या घरात कधी छापलं गेलं नव्हतं.

आता मुख्य गोष्ट. मामींची ती सफर मुलाने घडवली होती. तो, त्याची बायको आणि मामी. तिसऱ्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर त्याने विषय काढला. घर बिल्डरला द्यायचं आणि मामींनी कोइम्बतूरजवळच्या ज्येष्ठांच्या वसाहतीत जायचं. तिथे डॉक्टर आहे, भजन आहे, न्हाणीघरात धरायला दांड्या आहेत. मामी म्हणाल्या, मी अजून पडले नाही. मुलगा म्हणाला, पडेपर्यंत थांबायचं का? मुलगा वाईट नव्हता. भित्रा होता, आणि लांब होता. ही दोन्ही एकत्र आली की माणूस प्रेमाने जुलूम करतो. शेवटी मामींनीच तोड काढली. जोवर त्या आपल्या पायांवर सरळ उभ्या आहेत तोवर घर त्यांचं. तोल गेला तर वाद नाही, कोइम्बतूर. मुलाने हात पुढे केला, त्यांनी हातावर हात मारला, आणि वर तिसरं आइस्क्रीम मागवलं, कारण ते तिकिटात होतं.

दुसऱ्या दिवशी जहाज बंदराला लागलं, मामी शिडी उतरून जमिनीवर आल्या, आणि जमीन हलायला लागली.

पहिले काही दिवस त्यांनी मनावर घेतलं नाही. सगळ्यांनाच होतं, स्वयंपाकघरात उभं राहिलं की ओटा हळूच वर येतो, खाली जातो. डॉक्टरही म्हणाले, दोन दिवसांत जाईल, फार तर आठवड्यात. गेलं नाही. दुसऱ्या डॉक्टरने सांगितलं की क्वचित कोणाचं राहतं, महिनोन्‌महिने राहतं, मेंदूला जहाजाची सवय होते आणि तो उतरायचं नाकारतो. चक्कर नव्हे, ओकारी नव्हे, फक्त सारखं डोलणं. मामींनी त्याचं नाव ‘कप्पल’ ठेवलं. कप्पल म्हणजे तमिळमध्ये जहाज. सकाळी मी खाली आले की त्या हवामान सांगावं तसं सांगत, "आज कप्पल जोरात आहे," किंवा "आज कप्पल बंदरात आहे, देवाची कृपा."

आणि यातली गंमत अशी की स्वतः हलत असलं की जमीन थांबे. झोपाळ्यावर बसल्या की सगळं स्थिर. झोपाळा थांबला की घर निघालं सफरीला. त्यामुळे मामी झोपाळ्यावर जेवत, झोपाळ्यावर पेपर वाचत, आणि मुलाचे व्हिडिओ कॉलही झोपाळ्यावरूनच घेत. मेलबर्नच्या पडद्यावर आई लांब जाई, जवळ येई.

"अम्मा, जरा स्थिर बस ना! मला गरगरतं."

"इथे उकडतं रे कण्णा. वारा घेते."

हे गुपित मला ठाऊक होतं आणि समोरच्या घरातल्या पाटींना. पाटी म्हणजे आजी, सगळी गल्ली त्यांना तसंच म्हणे. तिसऱ्या कोणाला कळलं तर ते मेलबर्नला पोचेल, आणि पोचलं की घर गेलं. एरवी कोणाच्याही खासगी मालमत्तेसाठी मी बोट उचललं नसतं. पण त्या घरासाठी मी चक्क खोटं बोलत असे. मुलाने फोनवर विचारलं, अम्मा चालते ना नीट, की मी म्हणे, अगदी रेषेत.

झोपाळ्याचाही कंटाळा येई तेव्हा मामी बस धरत. पुढून गुलाबी रंगवलेल्या साध्या बसमध्ये बायांना तिकिटाचे पैसे पडत नाहीत. मामींनी सरकारची ही योजना स्त्रियांच्या रोजगारासाठी नसून आपल्या कप्पलसाठीच आणली आहे अशा थाटात वापरली. खिडकीजवळ बसायचं, शेवटच्या स्टॉपपर्यंत जायचं, त्याच बसने परत यायचं. कुठे जाता असं कोणी विचारलं तर म्हणत, "कुठेच नाही, बसून आहे."

एकदा मी इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यांकडे निघाले होते, खांद्यावर पत्रकांचा गठ्ठा. पूनमल्लीला बस बदलली आणि आत चढले तर मधल्या बाकावर मामी. भोवती दुपारच्या पाळीला निघालेल्या, मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यातल्या बाया. मामींचं शास्त्र तमिळमध्ये चालू होतं, आणि अख्खी बस ऐकत होती. ज्यांच्या सात पिढ्या जहाजाच्या तिकिटाला हात लावणार नाहीत अशा बाया टॉवेलचा हत्ती कसा वळतात हे डोळे मोठे करून ऐकत होत्या.

मी पत्रकं वाटली. पत्रक आठ पानी होतं, जागतिक भांडवलाच्या वाटचालीपासून सुरुवात केलेली. बायांनी ते आदराने घेतलं आणि आदराने डब्याखाली ठेवलं.

सेल्वी नावाची एक उंच बाई होती, तिने मामींना विचारलं, "मामी, सगळं मागून मिळतं म्हणता, पण ते नाही म्हणाले तर?"

"म्हणतातच नाही. मज दहीभात पाहिजे होता. बारा तऱ्हेचे पाव मांडलेले, दहीभात नाही. मी विचारलं, तो म्हणतो मेनूत नाही. भांडून काय उपयोग? मी गेले आणि ओळखीच्या-अनोळखी सगळ्या आपल्याकडच्या बायांस सांगितलं. मग एक गेली, हसून विचारलं, दहीभात आहे का? नाही. ती गेली की दुसरी. ती पण हसून. तिसरी. प्रत्येकीने असं विचारायचं की आधी कोणी विचारलंच नाही. संध्याकाळपर्यंत त्या माणसाचं तोंड दह्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी मोठं पातेलं! कढीपत्ता घालून!"

बस हसली. सेल्वी हसली नाही. "आम्हांला उभं राहूनच काम असतं मामी. पूर्ण पाळी. स्टूल मागितलं तर सुपरवायझर म्हणतो, असं देत नाहीत."

"किती जणींनी मागितलं?"

"मीच."

"हसून?"

 मी मध्ये पडून सांगितलं की असं एकेकटीने विनवण्या करणं ही गुलामगिरीची मानसिकता आहे, मागणी संघटितपणे आणि लेखी द्यायला हवी. सगळ्यांनी मान डोलावली. माझ्या बोलण्याला लोक नेहमी मान डोलावतात.

पुढे काय झालं ते सेल्वीनेच सांगितलं. त्या पाळीत एक बाई सुपरवायझरकडे गेली, हसली, म्हणाली, सार, स्टूल आहे का? मग दुसरी. जेवणाच्या सुट्टीनंतर तिसरी. दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून परत. कोणी आवाज चढवला नाही, काम थांबवलं नाही, शिक्षा करावी असं कोणी काही बोललंच नाही. सुपरवायझर आधी रागावला, मग दिसेल त्या बाईला बघून वाट बदलू लागला, आणि शेवटी वरच्या साहेबाकडे जाऊन स्वतःच म्हणाला, एकदाची स्टुलं द्या, मला जगू द्या. स्टुलं आली. सगळ्यांना पुरेशी नव्हती, पण आळीपाळीने टेकता येईल इतकी आली. आमच्या संघटनेच्या पुढच्या पत्रकाचा मथळा होता ‘एकजुटीच्या लढ्याचा विजय’. तो मीच लिहिला. मामींना वाचून दाखवला तर म्हणाल्या, "छान आहे. दहीभात कुठं लिहिला नाहीस?"

इतकी मोठी सेनापती, पण सकाळी दारात रांगोळी काढताना तिला घाम फुटे. मैलापुरातल्या जुन्या घरांत दारापुढे कोलम घालतात, सरळ जोडरेषांचं, एकात एक बसवलेल्या पायऱ्यांसारखं. मामींचं कोलम गल्लीत नावाजलेलं होतं, पट्टीने मारावी अशी रेष. सफरीनंतर वाकून उभं राहिलं की खालची जमीन चाले, आणि रेषेला लाटा येत. घालायचं थांबवावं तर लोक विचारणार, बरं नाही का? म्हणून त्यांनी सगळ्याच रेषा लाटांच्या केल्या, एकसारख्या, जणू ठरवून. पहिल्या दिवशी समोरच्या पाटी कंबरेवर हात ठेवून बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात लाटांचं कोलम! मग शेजारच्या सुनेने घातलं. मग कोपऱ्यावरच्या शिक्षिकेने. त्याला नावही पडलं, ‘अलै कोलम’, म्हणजे लाटांची रांगोळी. एकीने त्याचा व्हिडिओ टाकला आणि दुसऱ्या मोहल्ल्यांतून बाया बघायला यायला लागल्या. पाटींनी हे मुद्दाम केलं की खरंच त्यांना ते आवडलं, हे मी कितीदा विचारलं. पाटी म्हणत, "फॅशन आहे, तुला काय कळतं?"

आणि मग न कळवता मुलगा आला.

रजा काढून आला होता, एकटाच. बांधकाम इंजिनिअर, दणकट, डोळ्यांखाली काळं. पहिल्या दिवसापासून त्याचं आणि मामींचं झोपाळ्यावरून चाललं. आई उठली की हा बसे, आणि हा उठला की आई. बाकी वेळ तो भाड्याची गाडी काढून जाई. मीठ संपलं, गाडी. कापूर आणायचा, गाडी. मीठ कोपऱ्यावर मिळत होतं. मला वाटलं, परदेशात राहून पाय गेले यांचे, आणि मनात एक परिच्छेदही रचला.

तिसऱ्या सकाळी तो कॉफीचा पेला घेऊन दारात उभा राहिला. खाली कोलम. तो बराच वेळ बघत होता.

"अम्मा, ही रेष अशी का आहे?"

झोपाळ्याची साखळी करकरायची थांबली. समोरून पाटींनी सांगितलं, "अलै कोलम आहे ते! इथे आता सगळ्या असंच घालतात."

त्याने गल्लीभर नजर फिरवली. प्रत्येक दारात लाटा. मी जिन्यावर श्वास धरून उभी. तो हसला, पण इंजिनिअरचं हसणं होतं ते, फॅशनवर विश्वास न ठेवणारं. आत आला, पेला ठेवला आणि शांतपणे म्हणाला, "अम्मा, आपला करार आठवतो ना? या काळ्या पट्टीवरून त्या दारापर्यंत चालून दाखव. नीट गेलीस तर पुन्हा घराचं नाव काढणार नाही."

 मी पुढे झाले. वृद्धांच्या स्वातंत्र्यावर माझं भाषण तयारच होतं, तोंड उघडलंही, पण मामींनी मला हाताने गप्प केलं.

"जहाजावर," त्या म्हणाल्या, "ते नारिंगी जाकीट होतं ना, बुडताना घालायचं. ते आधी कोण घालून दाखवायचं?"

"तिथले कर्मचारी. का?"

"मग तू आधी दाखव."

"अम्मा, खेळ नाही हा."

"खेळ कोण म्हणतो? शिकवणाऱ्याने आधी दाखवायचं असतं. चाल."

तो नाइलाजाने हसला, चपला काढल्या आणि पट्टीवर पाय ठेवला. पहिली पावलं नीट पडली. मग तो उजवीकडे झुकला. सावरला, परत झुकला, आणि अर्ध्या वाटेवर पट्टी सोडून भिंतीला लागला. खिळ्यावरचं कॅलेंडर खाली पडलं. तो भिंतीला हात लावून तसाच उभा राहिला, आमच्याकडे पाठ करून.

 मामी झोपाळ्यावरून उतरल्या. साखळी धरून, मग खांब धरून, मग खुर्ची धरून, उघड उघड डोलत त्याच्यापर्यंत गेल्या. आता लपवायचं कोणापासून?

"कधीपासून रे?"

"तेव्हापासूनच." तो भिंतीशी बोलत होता. "तुला... तुलाही?"

"मजही. बायकोस ठाऊक आहे?"

"तिला वाटतं कामाचा ताण आहे. ऑफिसात कळलं तर साइटवर चढू देणार नाहीत. टेबलावर बसवतील."

"झोप?"

"बिछान्यात नाही येत. गाडीत येते, दुसरं कोणी चालवत असलं तर. म्हणून मी..." तो थांबला. "एकदा टॅक्सी करून रात्रभर फिरलो होतो अम्मा. कुठेच जायचं नव्हतं."

मामींनी त्याचा हात भिंतीवरून काढून आपल्या खांद्यावर घेतला. दोघं एकमेकांना धरून उभी राहिली, दोघंही जराजरा हलत, पण एका तालात नाही. मग त्या म्हणाल्या, "आणि तुज कोण ठेवणार रे कोइम्बतूरला?"

तो हसला की रडला हे मला मागून कळलं नाही.

"चप्पल घाल," मामी म्हणाल्या. "गाडी नको. बस."

मलाही बरोबर घेतलं, दोन डोलणारी माणसं रस्ता कशी ओलांडणार? पूनमल्लीची बस आली. कंडक्टरने त्याच्याकडे हात केला, "सार, तुम्हांला तिकीट लागेल." मामींनी लगेच मला कोपर मारलं, "बघ, पुरुषांचे हाल." दोघं मधल्या बाकावर बसली, मी त्यांच्या मागे. बस सुटली तशी दोघांचे खांदे एकाच वेळी खाली आले.

तो खिडकीबाहेर बघत होता. मग म्हणाला, "बिल्डरला नको म्हणून कळवतो उद्या." आणि थोड्या वेळाने, "पण तू पडलीस तर?"

"पडेन की. पडल्यावर उठवायला ओळखीचं माणूस लागतं. तिथं दांड्या आहेत. इथं पाटी आहे."

"आणि मी?"

"तू आधी बायकोस सांग. फोनवर नको, गाडीत बसून सांग, तिला चालवू दे. मग डॉक्टर. आणि साइटवर चढू नकोस. टेबलावर बसून कोणी मरत नाही, मी विमा कचेरीत जन्म काढला."

त्याने मान हलवली. पुढच्या सिग्नलपर्यंत त्याचं डोकं मामींच्या खांद्यावर आलं होतं, आणि तो झोपला होता. तोंड थोडं उघडं. इतका मोठा माणूस, पण झोपेत मेलबर्नचं काही उरलं नव्हतं. मामी हलल्याच नाहीत. हातातली पिशवी खाली घसरली तर मला नजरेने सांगितलं, तू उचल.

शेवटचा स्टॉप आला. सगळे उतरले. कंडक्टर ओरडणार तेवढ्यात मामींनी ओठांवर बोट ठेवलं आणि खुणेनेच सांगितलं, आम्ही याच बसने परत. इंजिन बंद झालं. ड्रायव्हर खाली उडी मारून चहाच्या टपरीकडे गेला. बस थांबली तशी मुलाच्या कपाळावर आठी पडली, हात बाकाच्या कडेला काहीतरी धरायला चाचपडू लागला. थांबलेल्या बसमध्ये त्याची जमीन सुटली होती. मामींचीही सुटलीच असणार, त्यांनी डोळे गच्च मिटले होते. तशाच मिटल्या डोळ्यांनी त्यांनी एक हात पुढच्या दांडीला घट्ट धरला, दुसरा त्याच्या पाठीमागून घातला, आणि ड्रायव्हरचा चहा संपेपर्यंत त्या त्याला हळूहळू डोलवत राहिल्या.